दोन नाद

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेने साठ वर्षे पूर्ण केली. या आनंदाच्या प्रसंगी बोलण्यासाठी संयोजकांनी मला जयपूरहून अगत्याने बोलावले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय तुमच्या आवडीचा घ्या, अशी सवलतही त्यांनी दिली. हीरक महोत्सवाची आठवण म्हणून शाळेत संगीतकक्ष उभा राहणार आहे आणि त्यासाठी उत्तम ध्वनियंत्रणा भेट देण्याचा माजी विद्यार्थ्यांचा विचार चालू आहे, असे मला पत्रातून कळले. तेव्हाच माझा विषय ठरला. गाणे ऐकण्याच्या साधनांचा छंद आणि गाण्याचा छंद या दोन गोष्टी एकच आहेत का, आणि वेगळ्या असतील तर त्यांनी एकमेकींशी कसे नांदावे, एवढेच मला आज बोलायचे आहे.

मराठीत 'नाद' हा मोठा मार्मिक शब्द आहे. संगीतशास्त्रात नाद म्हणजे ज्यातून श्रुती आणि स्वर उमलतात तो मूळ ध्वनी. आणि घरात आई 'पोरगं नादाला लागलं' म्हणते तेव्हा नाद म्हणजे वेड. एकाच शब्दात आपल्या पूर्वजांनी ध्वनी आणि ध्यास एकत्र बांधून ठेवले. गाणे ऐकणाऱ्या शौकिनाला मात्र हे दोन नाद पुष्कळदा दोन दिशांना ओढतात. एक असतो सुरांचा नाद आणि दुसरा असतो सूर पोहोचवणाऱ्या यंत्राचा.

यंत्राच्या नादाला मी हलका लेखत नाही, हे आरंभीच सांगतो. माझ्या घरी तबकडी वाजवण्याचे यंत्र आहे, ॲम्प्लिफायर आहे, दोन भारदस्त स्पीकर आहेत आणि त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून मी जेवढा जपतो तेवढा स्वतःच्या चष्म्यालाही जपत नाही. या छंदात खरे ज्ञान आहे आणि खरा आनंद आहे. तबकडीवरच्या केसाएवढ्या खाचेतून सुई जाते, ती थरथरते, त्या थरथरीची वीज होते, ती वीज वाढवून कागदाच्या पडद्याला हलवते आणि वर्षानुवर्षांपूर्वी हरपलेला एक आवाज खोलीत पुन्हा उभा राहतो. हे सारे ज्याला कळते त्याला त्यातले नवल अधिकच जाणवते.

आपल्या घरांतील या यंत्रांचा इतिहासही जिव्हाळ्याचा आहे. भारतात ग्रामोफोनसाठी पहिले ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. त्यानंतर चावीचा ग्रामोफोन आला, कर्णा आला आणि कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र घरोघरी पोहोचले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. १९४८ साली अमेरिकेत लांब वाजणारी तबकडी निघाली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे बसू लागले. १९६३ साली कॅसेट आली, १९८२ साली चकाकती सीडी आली आणि आज तर गाणे खिशातल्या फोनमध्ये राहते. या मधल्या काळात रेडिओ होता. त्याला सरकारी परवाना लागे, त्याच्यावर विणलेला रुमाल घातलेला असे आणि सगळा वाडा एकाच रेडिओभोवती जमून गाणे ऐकत असे. यंत्र साधे होते, खरखर भरपूर होती, पण ऐकणाऱ्याचे चित्त कुठे आहे, हा प्रश्न कोणाला पडत नव्हता.

या ७८ फेऱ्यांच्या तबकडीविषयी एक गोष्ट मला जयपूरला राहायला गेल्यापासून विशेष प्रिय झाली आहे. ही तबकडी लाखेपासून बनत असे. झाडाच्या फांदीवर बारीक किडे जी लाख साठवतात, तीच दगडाच्या भुकटीत मिसळून, तापवून, साच्यात दाबून तबकडी तयार होई. जयपूरच्या जुन्या शहरात 'मणिहारों का रास्ता' म्हणून एक गल्ली आहे. तिथे आजही कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करून बायकांच्या मनगटाच्या मापाने बांगडी वळून देतात. ज्या लाखेची बांगडी होते, त्याच लाखेवर आपल्या थोर गायकांचे सूर कोरले गेले. बांगडी काय आणि तबकडी काय, हातातून पडली की फुटायचीच!

मी राहतो तो बनी पार्क हा भाग या जुन्या तटबंदीच्या शहराबाहेर, रेल्वे स्थानकाच्या जवळ आहे. रुंद रस्ते, जुन्या कोठ्या, त्यांतल्या कित्येकांची आता हॉटेले झालेली. तिथून थोड्या अंतरावर सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेले जंतरमंतर आहे. शाळेच्या सहली तिथे सतत येतात. तिथल्या प्रत्येक बांधकामाला 'यंत्र' असेच नाव आहे. त्यांतले सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ सांगता येते. दगड-चुन्याचे एवढे सूक्ष्म काम पाहून छाती दडपते. पण तिथे गेलेल्या माणसांकडे जरा लक्ष देऊन पाहा. प्रत्येक जण यंत्राचे छायाचित्र घेतो, यंत्रापुढे उभा राहून स्वतःचेही घेतो, आणि आकाशाकडे मान वर करून पाहणारा क्वचितच दिसतो. जयसिंहांनी ती यंत्रे उभारली ती आकाश वाचण्यासाठी. यंत्र उत्तम असणे आणि यंत्रातून पाहणे, या दोन गोष्टींमधले अंतर मला तिथे दर वेळी नव्याने दिसते.

आता यंत्रातून ऐकण्याकडे वळतो. जयपूरचे नाव मराठी रसिकाच्या ओठांवर येते ते बहुधा किल्ल्यांमुळे नव्हे, घराण्यामुळे. जयपूर संस्थानात गुणीजनखाना नावाचे गुणी कलावंतांचे स्वतंत्र खातेच होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ सालचा, जयपूर संस्थानातल्या उणियाऱ्याचा. वडिलांच्या पश्चात काका जहांगीर खाँ यांनी त्यांना शिकवले. पुढे छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने ते कोल्हापूरला आले, नंतर मुंबईत स्थायिक झाले आणि १९४६ साली तिथेच निवर्तले. राजस्थानातून निघालेली ही गायकी महाराष्ट्रात आणि गोमंतकात रुजली. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ आणि भूर्जी खाँ, पुढे मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर ही सारी त्याच वृक्षाची फळे.

या थोर गायकाच्या चरित्रातल्या दोन गोष्टी आजच्या विषयाला नेमक्या लागू पडतात.

पहिली गोष्ट त्यांच्या आवाजाची. ऐन उमेदीत, एका संस्थानिकाकडे फार दिवस फार गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला आणि पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. गायकाचे यंत्र म्हणजे त्याचा गळा. तेच यंत्र बिघडले. दुसरा कोणी असता तर तंबोरा गवसणीत घालून गप्प बसला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला शोभेल, पेलेल अशी गायकी घडवली. लयीच्या अंगाने विणत जाणारी तान, आकारातली सलग, गोलाईची फेक, एका आवर्तनातून दुसऱ्यात सहज उतरणारी आणि समेवर नेमकी विसावणारी रचना, अनवट आणि जोड रागांचे वेड. घराण्याची जी वैशिष्ट्ये आपण आज अभिमानाने सांगतो, त्यांच्या मुळाशी एक बिघडलेले यंत्र आणि एक शाबूत राहिलेला कान आहे.

दुसरी गोष्ट त्याहूनही विलक्षण आहे. खाँसाहेब वारले तेव्हा ग्रामोफोन या देशात येऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या निघाल्या. पण ज्यांच्या नावाने हे घराणे ओळखले जाते, त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्याजवळ नाही. तरीही ते गाणे हरवले नाही. गुरूसमोर वर्षानुवर्षे बसलेल्या शिष्यांच्या कानांनी ते धरून ठेवले आणि त्यांच्या गळ्यांनी पुढे दिले.

यावरून कोणी म्हणेल, मग यंत्रे हवीतच कशाला? त्याला उत्तर द्यायला केसरबाईच पुढे येतात. गोव्यातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या या बाईंनी १९२१ पासून खाँसाहेबांची तालीम घेतली आणि खाँसाहेब असेपर्यंत त्या शिकत राहिल्या. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या अतिशय काटेकोर होत्या. त्यामुळे मैफलीतला त्यांचा भरदार, अखंड वाहणारा विस्तार ज्यांनी समोर बसून ऐकला ते भाग्यवान, आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला मोजक्या तबकड्या. त्याही तीन-तीन मिनिटांच्या. पण त्या तबकड्या नसत्या तर आमच्या वाट्याला केवळ ऐकीव आख्यायिका आल्या असत्या. खरखरीच्या पडद्याआडून का होईना, तो आवाज आमच्यापर्यंत पोहोचला. यंत्राचे हे ऋण विसरणारा माणूस कृतघ्न म्हटला पाहिजे.

त्यांतलीच भैरवीची एक तबकडी कुठवर पोहोचली, हे या मुलांना मुद्दाम सांगतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. प्रत्येक यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी पाठवली. तिच्यात जगभरातल्या संगीताचे २७ नमुने आहेत आणि त्यांत भारताचे एकच गाणे आहे, केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. पहिले यान २० ऑगस्टला निघाले, दुसरे ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाई इहलोक सोडून गेल्या. त्यांचा सूर मात्र आता सूर्याचा प्रभावही जिथे मागे पडतो अशा पोकळीतून पुढे चालला आहे.

या तबकडीबरोबर पाठवणाऱ्यांनी सुईही दिली आहे. आवरणावर रेखाटने कोरून सुई कशी टेकवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, हे समजावले आहे. वेग आहे मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे, म्हणजे आपल्या लांब वाजणाऱ्या तबकडीच्या नेमका निम्मा. यंत्राची काळजी माणसाने किती घ्यावी, याचा हा आदर्शच मला वाटतो. सुई हवी, वेग नेमका हवा, सूचना स्पष्ट हव्यात. यांतले काही चुकले तर भैरवीची भैरवी राहणार नाही. पण हा सगळा खटाटोप कशासाठी, याविषयी त्या मंडळींच्या मनात गोंधळ नव्हता. उद्या त्या अंधारात कोणी ती तबकडी उचललीच, तर ऐकायला मिळेल तो केरीच्या एका बाईचा सूर.

मग आपल्या घरी, चार भिंतींच्या आत, गोंधळ होतो तो कुठे?

बनी पार्कात आमची एक लहानशी बैठक आहे. पाच-सात मराठी कुटुंबे आणि दोन-तीन स्थानिक स्नेही रविवारी सकाळी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतात आणि दोन तास गाणे ऐकतात. नवे यंत्र आणलेल्या घरी बैठक असली की काय घडते ते सांगतो. यजमान एका तबकडीतली चाळीस सेकंदे वाजवतात. 'तंबोऱ्याची जवारी ऐकलीत?' आपण ऐकतो. ती खरोखरच सुरेख ऐकू येते. लगेच दुसरी तबकडी, त्यात तबल्याच्या बायाची घुमारी. मग तिसरी, त्यात गायिकेने घेतलेला श्वास. अर्ध्या तासात आपण आठ मोठ्या कलावंतांना भेटलेले असतो आणि एकाचेही बोलणे पुरते ऐकून घेतलेले नसते. लग्नघरी पाहुण्याला दारात उभे करून 'काय छान धोतर नेसलात!' म्हणावे आणि बसा न म्हणता पुढच्या पाहुण्याकडे वळावे, तशातला हा प्रकार. बैठक संपल्यावर कोणी विचारले, आज कुठला राग ऐकला, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

म्हणून आमच्या बैठकीने दोन साधे नियम केले. लावलेली गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची, हा एक. आणि ऐकून झाल्यावर पहिली पाच मिनिटे गाण्याविषयीच बोलायचे, यंत्राविषयी नंतर हवे तेवढे, हा दुसरा. नियम लहान आहेत, पण त्यांनी बैठकीचा चेहरा बदलला. विलंबित ख्यालाला धीर धरणे जमू लागले. आणि गंमत अशी की यंत्राविषयीच्या गप्पाही सुधारल्या. कारण मींडेचा प्रवास जो ध्यानात ठेवतो, त्यालाच तो प्रवास एका स्पीकरमधून अखंड आणि दुसऱ्यातून तुटक येतो, हे कळते. कान आधी गाण्यावर तयार झालेला असावा लागतो. तो नसेल तर यंत्राची पारखही उसनीच राहते. मग माणूस किमतीवरून, वजनावरून आणि शेजाऱ्याच्या मतावरून पारख करतो.

इथे शरीराचा एक धर्मही सांगितला पाहिजे. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला २० ते २०,००० कंपने अशी पुस्तकात दिलेली असते. ही मर्यादा तरुण कानाची. वय वाढते तशी वरची बाजू खाली सरकत जाते आणि साठीच्या आसपास बऱ्याच जणांना दहा-बारा हजारांच्या वरचे ऐकू येणे कठीण होते. याउलट, भारी यंत्र घेण्याइतका पैसा आणि निवांतपणा हाताशी येतो तो बहुधा याच वयात. चाळीस हजार कंपनांपर्यंत वाजणारा स्पीकर घरात येतो तेव्हा त्याचा वरचा अर्धा भाग ऐकायला घरात वटवाघूळच हवे! पण याच वयात चांगल्या श्रोत्याला बंदिशीचे मर्म तरुणपणापेक्षा अधिक उमगते, हाही अनुभव आहे. वरची कंपने गेली तरी समेची चाहूल जात नाही. वयाबरोबर झिजते ते कानाचे यंत्र आणि वयाबरोबर वाढतो तो कान.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. गाणे ऐकण्याचे सर्वांत मोठे यंत्र म्हणजे खोली. जयपूरच्या जुन्या घरांत फरशी दगडी आणि छत उंच. तिथे सूर भिंतीवर आपटून परत येतो आणि शब्दात शब्द मिसळतो. आमच्या एका स्नेह्यांनी त्यावर काय केले? जयपुरी रजया प्रसिद्धच आहेत. त्यांनी त्यांतली एक जाड रजई समोरच्या भिंतीवर टांगली आणि खाली सतरंजी अंथरली. कित्येक हजारांच्या वायरी बदलून जे साधले नव्हते ते थंडीच्या पांघरुणाने साधले.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती थोडी जड आहे. आमच्या बैठकीतले एक ज्येष्ठ गृहस्थ काही वर्षांपूर्वी वारले. यंत्रांची त्यांना उत्तम जाण होती. प्रत्येक यंत्राची पावती, दुरुस्तीची तारीख, सुई बदलल्याची नोंद त्यांच्या वहीत टापटिपीने लिहिलेली होती. मुले परगावी असत. त्यांनी घर आवरायला घेतले तेव्हा त्या वहीमुळे यंत्रांना आठवड्याच्या आत गिऱ्हाईक मिळाले. राहिल्या पाचशेच्या आसपास तबकड्या. त्यांची वही नव्हती. कुठल्या पाकिटात काय आहे, कोणती दुर्मीळ, कोणती त्यांच्या आवडीची, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. रद्दीवाल्याने वजनावर भाव सांगितला.

बैठकीतल्या आम्ही काही जणांनी मुलांकडून महिनाभराची मुदत मागून घेतली आणि रोज संध्याकाळी बसून एकेक तबकडी वाजवून यादी केली. एका संध्याकाळी त्यांची कन्या चहा घेऊन आली. जुनी भावगीताची तबकडी चालू होती. एका जागी सुई अडखळली, मागे उडी मारून तीच ओळ पुन्हा म्हणू लागली. आम्ही उठणार तोच ती बाई त्या अडखळण्यासकट गुणगुणू लागली, नेमक्या त्याच जागी, नेमकी तीच उडी घेऊन. लहानपणी रविवारी सकाळी हीच तबकडी घरात लागत असे, हे तिला त्या क्षणापर्यंत आठवतही नव्हते. तिने त्या तबकड्या विकल्या नाहीत. यादीसकट बरोबर नेल्या.

वडिलांनी मुलीसाठी ठेवलेला वारसा तिला मिळाला, पण तो थोडक्यात हुकला होता. यंत्रांची काळजी घेणाऱ्या त्या हाताने तबकड्यांचीही एक वही केली असती, 'ही मला का आवडते' एवढी एकेक ओळ लिहिली असती, मुलांना कधी जवळ बसवून ऐकवले असते, तर तो वारसा रद्दीवाल्याच्या काट्यापर्यंत गेला नसता. हे काम करणारे शौकीन आपल्यात आहेत, हेही सांगतो. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था सुरू झाली. तबकड्यांचे क्रमांक, कलावंत, राग यांच्या याद्या जुळवण्याचे चिकाटीचे काम या मंडळींनी केले आहे. यंत्राचा नाद सुरांच्या नादाच्या सेवेला लागला की कसे फळ देतो, याचे हे उदाहरण.

यंत्रातून आलेल्या सुराने आयुष्य कसे वळते, याची उदाहरणे आपल्या संगीतात ठसठशीत आहेत. लहानग्या भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले. ती तबकडी ज्यावर वाजली त्या ग्रामोफोनची जात-कुळी कोणी विचारत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व बालवयात तबकड्यांवरची गाणी हुबेहूब म्हणत आणि लोक तोंडात बोट घालीत. पण ते तिथेच थांबले असते तर एक उत्तम बोलकी तबकडी होऊन राहिले असते. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे ते शिकले, अनेक वर्षे आजारपणात गप्प राहून ऐकत राहिले आणि मग स्वतःचे गाणे गायले. तबकडी दाराशी आणून सोडते. आत पाऊल आपल्यालाच टाकावे लागते.

यावरून मी शाळेच्या संगीतकक्षाकडे येतो. ध्वनियंत्रणा जरूर द्यावी. मुलांच्या कानावर पडणारा पहिला तंबोरा फाटक्या आवाजात पडू नये. मात्र माझी विनंती अशी आहे की ठरलेल्या रकमेचे दोन भाग करावेत. एका भागात साधी, टिकाऊ, गावातच दुरुस्त होऊ शकेल अशी यंत्रणा घ्यावी. दुसऱ्या भागातून तंबोऱ्यांची एक जोडी, तबल्याची एक जोडी आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या शिक्षकांचे मानधन यांची सोय व्हावी. आमच्या वेळी शाळेत एकच पेटी होती आणि तिचा भाता गळका होता. गुरुजी एका हाताने भाता आवळून धरीत आणि दुसऱ्या हाताने सूर देत. त्या पेटीवर जे षड्ज आमच्या कानात बसले ते साठ वर्षांच्या आसपास पोहोचलेल्या आमच्या पिढीच्या कानांतून अजून हललेले नाही.

आठवड्यातून एक तास 'ऐकण्याचा तास' ठेवावा, अशी दुसरी विनंती. त्यात एकच गाणे, तेही तीन आठवडे तेच. पहिल्या आठवड्यात नुसते ऐकावे. दुसऱ्या आठवड्यात मुलांना विचारावे, आवाज सर्वांत वर कुठे गेला, सम कुठे आली. तिसऱ्या आठवड्यात ज्याला जमेल त्याने एखादी ओळ गुणगुणून दाखवावी. एक वहीही असावी आणि तीत ऐकलेल्या प्रत्येक गाण्याची नोंद मुलांनीच करावी: कोण गाते, कुठला राग, आणि मला काय आवडले. यंत्र दहा वर्षांनी जुने होईल, पंधरा वर्षांनी अडगळीत जाईल. ही वही शाळेच्या शताब्दीला कपाटातून काढून वाचता येईल.

मुलांनो, तानसेन होणे सगळ्यांच्या नशिबात नसते. आपल्याकडे म्हणतात की तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे. कानसेन व्हायला कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. जन्मतःच ते सोबत मिळालेले आहे आणि त्याला दुरुस्ती लागत नाही, सराव लागतो. ज्या शाळेने आम्हांला पहिला षड्ज ऐकवला, तिच्या वर्गांतून असे कानसेन पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत राहोत, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.